धुईच्या पाण्याचं वरण

तुरीला फूल धरलं की टेकावरच्या वस्तीतली माणसं पहाटे दोरी घेऊन शेतात जातात. दोघं दोन टोकं धरतात आणि दोरी तुरीच्या शेंड्यांवरून ओढत नेतात, म्हणजे रात्रीचं धुकं, इथं त्याला धुई म्हणतात, झाडावर बसलं असेल ते झडून जातं. धुई फुलावर राहिली की फूल गळतं, आणि फूल गळलं की शेंग कुठून येणार? काम सोपं दिसतं, न करणाऱ्याला. खांदे भरून येतात, बोटं बधिर होतात आणि तुरीवरचं सगळं पाणी दोरी ओढणाऱ्याच्या अंगावर येतं.

धर्मपाल आणि मथुराबाई हे काम चाळीस वर्षं करत आले. धर्मपालची मान आता वळत नाही. बाजूला पाहायचं तर अख्खा देह फिरवावा लागतो. म्हणून दोरी ओढताना तो सरळ समोर पाहून शिव्या देतो, आणि त्या धुईला आहेत की बायकोला हे बायकोनं ठरवायचं. ही मान पाण्यानं गेली. वस्तीच्या हापशीला लाल रंग फासलेला आहे. लाल म्हणजे हे पाणी पिऊ नका. मग कोणतं प्या, हे सांगायला रंगवणारा थांबला नव्हता. त्या पाण्यानं दात पिवळे पडतात, सांधे आखडतात, आणि तुरीची डाळ चुलीवर चार तास ठेवली तरी दाताखाली खडाच लागतो.

गोड पाण्याची विहीर टेकाच्या पायथ्याशी, अर्ध्या कोसावर. मथुराबाई रोज पाण्याचा एक गुंड डोक्यावर घेऊन चढायची. तिच्या गुडघ्यांत एका गुंडापुरतीच ताकद उरली होती. पाण्याचे जार विकणारी गाडी चढ पाहूनच मागं फिरायची. घरोघरी नळ बसून दोन वर्षं झाली होती, पाणी वाटेत होतं. आणि विहिरीपलीकडं धरणाचं पाणी डोळ्यांत मावणार नाही एवढं पसरलेलं. पाहायला कोणाची मनाई नव्हती.

एवढ्यावरही त्यांचं चाललं असतं. पण पोळ्याच्या सुमाराला त्यांची सून रुपाली बाळंत झाली, माहेरी, राळेगावच्या बाजूला. मुलगी झाली. मुलगा धम्मरत्न हैदराबाद रस्त्यावर ट्रक चालवतो, तो जाता-येता पोरीला पाहून यायचा. धर्मपालही एकदा जाऊन आला. व्याह्यांनी खुर्ची दिली, नात मांडीवर दिली, आणि त्याला तिचं तोंडच दिसेना. मान खाली वाकेल तर ना. जमिनीवर आडवं झालं असतं तर दिसलं असतं, पण व्याह्याच्या घरी आडवं कसं व्हायचं? त्यानं समोरच्या भिंतीकडं पाहत नातीचं कौतुक केलं आणि चहा पिऊन परत आला. घरी आल्यावर मथुराबाईनं विचारलं, कोणावर गेली पोरगी? त्यानं बैलाला पेंड घालायची राहिली म्हणून सांगितलं आणि उठून गेला.

तीन महिने झाले तरी माहेरचे सुनेला पाठवीनात. विहीणबाई, म्हणजे रुपालीची आई नंदाबाई, बोलायला पक्की. तिनं फोनवर मथुराबाईला साफ सांगून टाकलं. "इहीनबाई, माणसं तुमची लाख चांगली हायेत. पण पोरीचे दात अजून यायचे हायेत, ते पांढरे येऊ द्या. गोड पाणी दाखवा अन् लेकरू घिऊन जा."

"गोड पाणी का माह्या खिशात हाय?" धर्मपाल म्हणाला. हे तो फोन बंद झाल्यावर म्हणाला, एवढं बरं.

तर डिसेंबरातली ती सकाळ. दोरी ओढत दोघं बांधापर्यंत आले. मथुराबाई कमरेपर्यंत ओली. तिनं पदर पिळला, आणि एकदम थांबली. बांधावर ठेवलेला तांब्या तिनं जवळ ओढला, पदर त्यात पिळला, मग निऱ्या पिळल्या, मग डोक्याचं फडकं पिळलं. तांब्या अर्ध्यावर आला.

"काय करून राह्यली वं?" धर्मपालनं देह फिरवून विचारलं.

"पेऊन पाह्या."

"लुगड्याचं पाणी?"

"विषाचं चाळीस साल पेले, लुगड्याचं एक घोट प्या."

त्यानं घोट घेतला. पाणी गोड होतं. त्याला त्याचा रागच आला, कारण ज्या धुईला तो एवढी वर्षं हाकलत होता ती खालच्या धरणातून उठून, खिंडीतून चढून, रोज सकाळी पाणी घेऊन दारात येत होती.

आता मथुराबाईला या विद्येत कोणी शिकवायची गरज नव्हती. हरभरा घाटे धरायच्या आधी रात्री त्याच्या पानांवर आंबट दव सुटतं. संध्याकाळी हरभऱ्यावर पांढरं धोतर अंथरायचं, सकाळी पिळायचं, आणि जे निघतं ती आंब. बाटलीत भरून ठेवली की वर्षभर पोटदुखीला चालते. पंचक्रोशीत मथुराबाईच्या आंबेचं नाव होतं. पांढरकवड्याहून लोक बाटली घेऊन यायचे, पोट दाबत यायचे आणि ताठ होऊन जायचे. तेव्हा धुई धरायला फडकं कोणतं घ्यावं याचा तिनं विचारसुद्धा केला नाही. तेच धोतर काढलं, खिंडीच्या तोंडाशी दोन बांबू रोवले, धोतर ताणून बांधलं आणि खाली पातेलं ठेवलं.

सकाळी दोन तांबे पाणी निघालं. तिनं त्यातलं थेंबभरही कोणाला पिऊ दिलं नाही. पाण्याची परीक्षा डाळीनं होते, हे त्या वस्तीत पोरासोरांनाही ठाऊक. तिनं वाटीभर तूरडाळ धुतली, त्या पाण्यात टाकली, चूल पेटवली आणि शेजारपाजारच्या बायांना बोलावून घेतलं.

तास झाला, दोन झाले. डाळ पातेल्यात नुसती फिरत राहिली. पाणी आटत होतं, डाळ फुटायला तयार नव्हती. बाया भाकरी टाकायच्या आहेत म्हणून एकेक उठल्या. शेवटी धर्मपालनं डाळ चमच्यानं उचलून दाताखाली धरली, तर कट् करून आवाज आला. तो एवढा हसला की खांदे हलले, मान मात्र जागच्या जागी.

"तुह्या धुईपक्षा हापशी बरी," तो म्हणाला. मग त्यानं जिभेवर ते पाणी घोळवलं, आणि हसू आवरून विचारलं, "धोतर कोन्तं होतं?"

मथुराबाईनं कपाळावर हात मारला. त्या धोतरानं कित्येक हिवाळे हरभऱ्याची आंब प्यालेली. साबण लागला तर आंब बिघडते, म्हणून त्याला कधी साबणही दाखवलेला नव्हता. आंबटात डाळ शिजत नाही, चिंच नेहमी मागून घालतात, हे तिच्या सुनेलाही माहीत होतं. वस्तीभर बोभाटा झाला. दोन दिवस जो भेटेल तो पोट धरून विचारायचा, मथुराबाई, वरण हाय काय थोडं, पोट दुखून राह्यलं.

तिनं हसून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी पांढरकवड्याची बस धरली. तिथं हायवेवर जमीरचं दुकान आहे. ट्रकच्या ताडपत्र्या शिवतो, धम्मरत्नचा लहानपणापासूनचा मित्र. मथुराबाईनं त्याला सगळं सांगितलं, आंबेसकट. जमीरनं मशीन थांबवून ऐकलं आणि वाटेल तेवढं हसून झाल्यावर म्हणाला, "मावशी, कपडा पानी पेते. तुमाले पेनारं नाई, सोडनारं पायजे."

रविवारी तो मोटरसायकलवर रोपवाटिकेच्या हिरव्या जाळीचा गठ्ठा बांधून स्वतःच टेकावर आला. नवी जाळी, दुहेरी शिवलेली, दहा फूट लांब, कडेला ताडपत्रीची पट्टी आणि दोरी ओवायला पितळी डोळे. काम चोख होतं. आल्या आल्या त्यानं मूठभर माती उडवून हवा कुठून येते ते पाहिलं आणि जाळी हवेला आडवी लावली. धर्मपालनं खड्डे केले, जाड बांबू ठोकले. जाळीच्या खाली प्लास्टिकचा पाइप उभा चिरून पन्हाळीसारखा तिरपा बांधला, त्याच्या तोंडाशी धुतलेला कॅन. मजुरीचं विचारलं तेव्हा जमीर म्हणाला, आंबेची एक बाटली द्या, अम्मीचं पोट नेहमी दुखते.

दुसऱ्या सकाळी मथुराबाई चपला न घालताच गेली. जाळीच्या भोकाभोकात थेंब बसला होता. एक थेंब जड व्हायचा, खालच्याला घेऊन निघायचा, आणि पन्हाळीत धार अशी नाही पण धारेच्या वाटेवरचं काहीतरी वाहत होतं. वीस लिटरचा कॅन अर्ध्यावर होता. विहिरीच्या एका गुंडाएवढं पाणी, आणि गुडघ्याला खबरही नाही. ती तिथंच ओल्या गवतात बसली आणि रडली. आनंदानंही माणूस असं रडतं हे तिला माहीत नव्हतं असं नाही, पण त्याला फार दिवस झाले होते.

तिनं कॅन घरी आणला, चुलीवर चहा ठेवला. चहाला विडीचा वास.

वास कुठून आला ते शोधायला लांब जावं लागलं नाही. धुई हटवायला नुसती दोरी पुरत नाही. बांधावर पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, आणि पालापाचोळा यांचे ढीग करून पहाटे धुमसते ठेवतात. धुरानं धुई उचलते, फूल वाचतं. धर्मपाल दोरीच्या आधी ते काम करून यायचा, आणि त्याच्या शेताची वरची पट्टी नेमकी खिंडीच्या तोंडाशी. तिथला सगळा धूर जाळीतून गाळून निघत होता.

मथुराबाई म्हणाली, ढीग पेटवू नका. धर्मपाल म्हणाला, मग तूर काय तुझा बाप देणार? वरच्या पट्टीतली तूर यंदा फुलानं पिवळीधमक झाली होती, अशी तूर दहा वर्षांत आली नव्हती, आणि त्याचं म्हणणंही खोटं नव्हतं. ती म्हणाली, जाळी दुसरीकडं लावू. पण धुई येते ती खिंडीतून, दुसरीकडं तिचं काय काम? आठवडाभर त्या घरात एक माणूस धुईला बोलवत होतं आणि एक हाकलत होतं. दोघं एकमेकांशी बोलेनात. दोरी मात्र दोघांशिवाय ओढता येत नाही, म्हणून पहाटे मुकाट्यानं ओढायचे. मथुराबाई धुराचं पाणी म्हशीला पाजायची. म्हैस खूश होती.

त्यात नंदाबाईचा फोन आला. धम्मरत्ननं सासरी जाळीचं सांगून टाकलं होतं, आणि जरा वाढवूनच. नंदाबाई म्हणाली, येत्या रविवारी रुपालीला आणि पोरीला घेऊन येते. डाळ मी माझ्या घरची आणते. तुमच्या पाण्यात तुमच्या चुलीवर माझ्यासमोर शिजली तर लेकरू ठेवते, नाहीतर पाचच्या बसनं तिघी परत. मथुराबाईनं बरं म्हणून फोन ठेवला. नंदाबाईचा आवाज मोठा होता, धर्मपालला वेगळं सांगावं लागलं नाही.  शनिवारी संध्याकाळी तरीही तो नेहमीसारखा पऱ्हाटीचा भारा घेऊन बांधाकडं गेला, आणि मथुराबाईचं अन्नावरचं मनच उडालं.

रविवारी पहाटे अशी धुई उतरली की अंगणातली म्हैस दिसेना. मथुराबाई उठली तर धर्मपाल घरात नव्हता. ती हातानं वाट चाचपत खिंडीकडं गेली. नाकानं धूर शोधत होती. धूर नव्हता. बांधावरचे ढीग तसेच कोरडे, वर गोणपाट टाकून झाकलेले. धर्मपाल जाळीपाशी उकिडवा बसला होता, डोक्यावर घोंगडी, आणि पन्हाळीत अडकलेला पाचोळा काडीनं काढत होता. वरच्या पट्टीत तुरीची फुलं गळून खाली पडत होती. त्याच्या पायांना, घोंगडीला पिवळी फुलं चिकटली होती.

"दोरी कुठं हाय?" मथुराबाईनं आठ दिवसांनी तोंड उघडलं.

"खालच्या पट्टीत ओढू उन्हं आल्यावर. इथं नोको. हालवलं तं पाचोळा उडते."

"फूल चाललं ना सारं."

"जाऊ दे. तूर दरसाली येते." मग थोड्या वेळानं म्हणाला, "कॅन भरला हाय. दुसरा आन."

तिनं दुसरा कॅन आणला. आणि झाकलेल्या ढिगातली पऱ्हाटी कवेत घेऊन आली, चुलीला.

अकरा वाजता नंदाबाई आली. धुई विरून कोवळं ऊन पडलं होतं. चढानं तिला चांगलाच दम भरला होता, तरी खांद्यावरची मोठी पिशवी तिनं कोणाला घेऊ दिली नाही. जय भीम झाला, पाय धुणं झालं. पाय धुवायला हापशीचं पाणी, एवढं भान मथुराबाईला होतं. रुपालीनं सासऱ्याच्या पाया पडून पोर त्याच्या हातात दिली.

धर्मपालनं देह फिरवून इकडं तिकडं पाहिलं. आपलंच घर होतं. तो सरळ बाजेवर उताणा झाला आणि म्हणाला, ठेव छातीवर. रुपालीनं ठेवली. पोरीनं मान उचलून आजोबाच्या तोंडाकडं पाहिलं, नाक धरलं आणि लाळ गाळली. धर्मपाल हलला नाही.

"मथुरा," तो म्हणाला. सुनेसमोर, विहिणीसमोर बायकोचं नाव घेतलं याचं त्याला भान नव्हतं. "तुह्यावर गेली वं पोरगी."

नंदाबाईनं पिशवीत हात घालून वरची डाळीची पुडी काढली आणि पिशवी पुन्हा मांडीखाली घेतली. आधी कॅनचं बूच काढून वास घेतला, मग ओंजळीत घेऊन प्याली, मग आणखी एकदा प्याली. चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. डाळ स्वतःच्या हातानं धुतली. चुलीपाशी पाट घेऊन बसली, आणि उठलीच नाही. मथुराबाई समोर बसून पऱ्हाटी सारत होती. विहिणी विहिणी इकडचं तिकडचं बोलत होत्या, पण दोघींचं लक्ष पातेल्यात. पाऊण तास झाला असेल. वर फेस आला, फेस बसला, आणि डाळ फुटली. नंदाबाईनं दाणा काढून अंगठा आणि बोटात धरला. तो दाबावाही लागला नाही.

मग हळद, मीठ, लसणाची फोडणी.  जेवताना नंदाबाईनं वरण दोनदा मागून घेतलं. हात धुवून झाल्यावर मात्र तिनं तोफ डागली. धुई राहणार संक्रांतीपर्यंत, फार तर माघापर्यंत. पुढं काय? उन्हाळ्यात पोरीला काय धुईची गोष्ट सांगून झोपवाल?

 धर्मपाल जेवून पुन्हा बाजेवर आडवा झाला होता, छातीवर पोर झोपलेली, म्हणून तो वर आढ्याकडं पाहून हळू आवाजात बोलला.

"धम्म्यानं टाकी घेतली हाय पाचशे लिटरची. धुई हाय तवर साठवू. पोरीपुरतं अन् तिच्या मायपुरतं पाऊस लागेपर्यंत पुरन असं वाटते. पुरलं तं पुरलं. नाई पुरलं, तं इहीनबाई, ज्या दिवशी टाकी आटन त्या दिवशी मीच पोरगी आनून तुमच्या वट्यावर ठेवीन. खोटं नाई बोलनार. पन तवर राहू द्या."

 नंदाबाईनं आपली पिशवी पुढं ओढली आणि जमिनीवर उलटी केली. त्यातून झबली निघाली, टोपरी निघाली, दुपटी, काजळाची डबी, पाळण्याची दोरी, आणि जुन्या लुगड्यांची शिवलेली लंगोटं, चाळीस तरी असतील. पोरीचा सगळा संसार.

"घरून निघतानाच भरलं होतं," ती मथुराबाईला म्हणाली. "रुपाली रोज रडे, मले माह्या घरी जाचं हाय म्हने. दाळ शिजली नसती तं मले पुन्हा वाहून न्या लागलं असतं हे सारं." आणि तिला हसू आलं, आणि मग डोळ्याला पदर लावला. मथुराबाईनंही लावला. रुपाली पाण्याचा दुसरा पेला पिऊन कपडे उचलायला लागली, तिला सासू आणि आई यांच्या या रडण्यात पडायला सवड नव्हती. पाचच्या बसला धर्मपाल विहिणीला पोचवायला टेक उतरून गेला, आणि त्या दिवशी चढताना त्याला दम लागला नाही असं तो सांगतो.

दुसऱ्या सकाळी पुन्हा दाट धुई. तारेवरचं एकही लंगोट वाळलं नव्हतं, उलट रात्रीपेक्षा ओलं झालं होतं. धर्मपाल चुलीपुढं बसला होता. एकेक लंगोट दोन्ही हातांवर पसरून जाळाला धरायचा, वाफ निघून गेली की गालाला लावून पाहायचा, कोरडं झालं की घडी घालून रुपालीकडं द्यायचा. पोरगी भराभर ओली करत होती. त्याची मागणी-पुरवठ्याची शर्यत चालली होती आणि तो हरत होता.

बाहेरून मथुराबाईनं आवाज दिला, कॅन भरून वाहून राह्यला, लवकर दुसरा घेऊन या.

"माहे हात गुतले हायेत," धर्मपाल आतूनच म्हणाला. "वाहू दे थोडं."

त्या घरात पाण्याबद्दल असं कोणी कधी बोललं नव्हतं. मथुराबाई पन्हाळीपाशी उभी राहिली, आणि तिनं खरंच थोडं वाहू दिलं.